इकामा संपल्यावर

सौदीतल्या दम्माममध्ये आमच्या इमारतीला लागून असलेल्या मशिदीमागे एक माणूस पुठ्ठ्यावर झोपायचा. एका शुक्रवारी नमाज आटोपून मी बायकोशी फोनवर बोलत उभा होतो. फोन ठेवल्यावर तो मराठीत म्हणाला, "भाई, तुम्ही रत्नागिरीकडचे काय?"

तो दापोलीजवळच्या एका खाडीकाठचा निघाला. दम्मामजवळच्या अबकैकला परांची बांधायच्या कामावर होता. तिथेच पडला आणि कंबर धरली. काम सुटू नये म्हणून दुखण्यावरच्या गोळ्या घेऊ लागला. पुढे दुखणं कमी झालं, पण गोळ्या सुटेनात. त्यातच कंपनी बुडाली, ज्याच्या नावावर व्हिसा होता तो कफील फोन उचलेना, आणि इकाम्याची मुदत संपली. राहायचा परवानाच गेल्यावर कॅम्पमधून बाहेर पडावं लागलं.

मी त्याला आमच्या नेहमीच्या दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या मुलीने इकामा मागितला, संगणकात पाहिलं आणि मान हलवली. आतल्या डॉक्टरांनी माणुसकीने तपासलं. गोळ्या एकदम बंद करू नका, याला काही आठवडे दाखल करायला हवं, असं ते म्हणाले. दाखल कुठे करायचं, हे विचारल्यावर मात्र त्यांनी फक्त तसं लिहिलेली चिठ्ठी हातात दिली. नंतर मी आणखी दोन ठिकाणी फिरलो. सगळे नीट बोलले आणि सगळीकडे इकाम्यापाशीच अडलं.

उरला एकच रस्ता. दूतावासाकडून परतीचा कागद घ्यायचा, स्वतःहून हद्दपारी केंद्रात हजर व्हायचं, आणि ते पाठवतील तेव्हा विमानात बसायचं. तो ऐकेना. म्हणायचा, "अशा अवस्थेत आईला काय तोंड दाखवू?" शेवटी मी त्याच्या बहिणीला फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "जसा असेल तसा पाठवा. आईला मी सांभाळते."

पहिल्यांदा केंद्राच्या फाटकापर्यंत जाऊन तो परत फिरला. मी त्याला गाडीत बसवून परत आणलं. पुढच्या आठवड्यात मात्र तो अंघोळ करून, माझा शर्ट घालून तयार बसला होता. डॉक्टरांची चिठ्ठी मी तिथल्या अधिकाऱ्याला दाखवली. त्याने ती वाचून खिशात ठेवली आणि दापोलीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "यल्ला." म्हणजे, चल.

तो घरी पोचला. रत्नागिरीच्या सरकारी इस्पितळात त्याच्यावर उपचार झाले. बहीण अधूनमधून फोन करते. कधी तो महिना महिना बरा असतो, वाडीतल्या पोफळींना पाणी लावतो. मग एक दिवस औषधाच्या दुकानासमोर उभा दिसतो. दुकानदाराला तिने सांगून ठेवलंय. तो त्याला गोळ्या देत नाही, बाकावर बसवून तिला बोलावून घेतो. ती हातातलं काम टाकून जाते आणि त्याला घरी आणते.