काकूंचा राखेचा डबा

धंतोलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंना राखेचं भारी कौतुक. कोळशाच्या शेगडीच्या खालच्या तोंडाशी वनस्पती तुपाचा रिकामा डबा कायम टेकवलेला असायचा. त्यात पडलेली राख त्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून चाळायच्या आणि चिमटीत धरून मला दाखवायच्या. "पाह्य वं, मैदा हाये मैदा." त्या राखेनं घासलेली त्यांची पितळी भांडी उन्हात पालथी घातली की डोळे दिपायचे.

गल्लीतला पहिला गॅस त्यांच्याकडेच आला. त्या दिवशी काकूंचे पाय जमिनीवर नव्हते. दारोदार जाऊन त्यांनी बायका गोळा केल्या. "चला वं, गॅसवर चहा होऊन राहिला, पाह्यले चला." निळ्या ज्योतीभोवती आम्ही सगळ्याजणी दाटीवाटीनं उभ्या होतो. चहाला उकळी आली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि काकूंनी सवयीनं डबा उचलून गॅसखाली सरकवला. हसून हसून आमची पुरेवाट झाली. सगळ्यात जास्त त्याच हसल्या आणि दुपारी शेगडी भंगारवाल्याला देऊन मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच डबा घेऊन त्या माझ्या दारात उभ्या. "गॅस लय भारी हाये वं, पण भांडे कायनं घासू? तुह्या शेगडीची राख दे मले."

तेव्हापासून त्यांचा डबा आमच्या शेगडीला लागला. गॅससाठी आम्हीही नाव नोंदवलं होतं. "आला का वं तुमचा नंबर?" काकू रोज विचारायच्या. मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा घासलेल्या तांब्यासारखा उजळायचा.