मूठभर माती

सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात गिरजाघराची झाडलोट एक ख्रिस्ती गडी करायचा. रस्त्यात कोणीही भेटो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "घरी पानी हाये का?" नसलं तर गिरजाघराच्या विहिरीचं पाणी कावडीनं पोचवायचा. लोक थट्टा करत, "काऊन भाऊ, पान्यासंगं येशूबी पाजतेस का?"

"नाई जी, नुसतं पानीच हाये. चाखून पाहा."

पटकीनं माझी बायको गेली, तेव्हा खांदा द्यायला गाव धजावेना. दुपार कलली तरी ती अंगणातच होती. तेवढ्यात तो गिरजाघरातल्या तिघांना घेऊन आला. म्हणाला, "तुमची रीत सांगा, गुरुजी. आमी तसंच करू."

नदीकाठी चिता पेटली. मोहाच्या वासात धूर मिसळला आणि सगळं मला पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसू लागलं. त्यात त्याची मिटलेली मूठ दिसली. त्यांच्यात पुरताना मूठभर माती टाकतात. सवयीनं त्यानं ती इथंही उचलली होती.

"चुकलंच, गुरुजी," तो ओशाळला. "आता हे कुठी टाकू?"

मूठ तशीच मिटून तो मैलभर चालत परतला आणि विहिरीजवळच्या मोगऱ्याच्या बुंध्याशी त्यानं ती माती ठेवली.

आता रोज संध्याकाळी मी त्या मोगऱ्याला पाणी घालायला जातो. झाडू थांबवून तो विचारतो, "घरी पानी हाये का, गुरुजी?"

घरात हंडा भरलेला असतो. तरी मी नाही म्हणतो. मग तो कावड उचलतो आणि दारापर्यंत माझ्यासोबत येतो.