वडिलांच्या छातीचा फोटो

एक्स-रेच्या फिल्मचा आंबूस वास आला की आमचं डोंबिवलीतलं अंगण आठवतं. मी नुकता फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि संशोधनासाठी बंगलोरला निघालो होतो. मी घरातच अणू फोडतो, या धास्तीने शेजारणी पापड चार घरं पलीकडे वाळत घालायच्या! त्या दुपारी वडील खोकत खोकत कल्याणहून छातीचा फोटो काढून आले आणि डॉक्टरांकडे न जाता तो माझ्याच हातात देऊन म्हणाले, “क्ष-किरण शिकलास ना रे? मग वाच.” क्ष-किरणांवर मी असा पेपर लिहिला होता की परीक्षकाला घाम फुटला असेल, पण छातीचा फोटो कसा वाचायचा, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी फिल्म उन्हात धरली. डावीकडे लिंबाएवढा पांढरा डाग होता. “काही नाही, फोटो हललाय,” मी म्हणालो. वडील हसले. “फोटो नाही, तुझा हात हलतोय. प्रॅक्टिकलला नापास!” मी बंगलोरची ट्रंक उघडून कपडे परत खुंटीला लावले आणि ठाण्यात कारकून झालो. वडिलांनी पुढची दिवाळी पाहिली नाही. आजही मी सगळं दसपट फुगवून सांगतो. तो डाग मात्र दर वेळी थोडा लहान करतो.