दोन गळ्यांचं गाणं

हदास अष्टमकर पनवेलजवळच्या करंजाड्यातल्या आमच्या इमारतीत, अगदी भिंतीला भिंत लागून राहायला आली, त्याला चार वर्षं झाली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. वडील एलियास बंदराच्या ऑफिसातून नुकतेच निवृत्त झालेले, आई ती दहावीत असतानाच वारलेली. सामान चढवताना तंबोरा काही केल्या लिफ्टमध्ये मावेना, म्हणून तो उराशी धरून ती पाच मजले जिन्यानं चढून आली आणि धापा टाकत मला म्हणाली, "काकू, मी पहाटे गाते. त्रास झाला तर भिंतीवर थाप मारा."

मी अजून एकदाही थाप मारलेली नाही.

अष्टमकर म्हणजे बेने इस्रायली, कोकणातले मराठी ज्यू. एके काळी पनवेलमध्ये यांची बरीच घरं होती, आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. बाकीची इस्रायलला गेली. हदासचा आठवडा मला पाठ झाला आहे. पाच वाजता उठून तास-दीड तास खर्ज. मग वडिलांबरोबर चहा आणि स्कूटीवरून रोडपालीची शाळा, तिथं ती पाचवी ते आठवीच्या मुलांना संगीत शिकवते. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी जुन्या पनवेलमध्ये चारुदत्त गुरुजींकडे ख्यालाची तालीम. शनिवारी शब्बाथ, म्हणजे त्यांच्या विश्रांतीचा वार, त्या दिवशी तंबोरा गवसणीतच राहतो आणि बापलेक प्रार्थनेला जातात. रविवारी ती मुंबईला जाते. तिथं सोफी मॅडम म्हणून एक बाई आहेत, त्यांनी नऊ जणांचा एक गट जमवला आहे आणि हे लोक युरोपातली तीनशे-चारशे वर्षांपूर्वीची गाणी गातात.

ही रविवारची गाणी गुरुजींना पसंत नव्हती. तिथं आवाज सरळ लावायचा, मींड नाही, हरकत नाही, आणि दुसऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळून टाकायचा. इथं आठवडाभर आम्ही गळा घडवतो आणि रविवारी ही तो इस्त्री करून आणते, असं ते म्हणायचे. हदास ऐकून घ्यायची आणि पुढच्या रविवारी परत जायची. दोन्हीपैकी एक सोड असं कुणी सांगितलं असतं तर काय केलं असतं, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, रडले असते आणि दोन्ही गात राहिले असते.

या वर्षी फेब्रुवारीत एलियासभाऊंचे चुलतभाऊ रोनेन, जे इस्रायलमध्ये अश्दोदला असतात, त्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायला सुरुवात केली. त्यांच्या आईच्या कपाटात एक वही निघाली होती. रोनेनना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही. वही कसली आहे ते बघा, म्हणून त्यांनी पानन् पान काढून पाठवलं. हदास फोन घेऊन धावतच आमच्याकडे आली. वहीत बेचाळीस गाणी होती, सगळी मराठीत. तोरातल्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथातल्या गोष्टींवरची कीर्तनाची पदं. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या समाजात अशी कीर्तनं व्हायची हे तिनं ऐकलं होतं, पण घरातलं कुणी ती गात असेल हे तिला माहीत नव्हतं.

पहिलंच पद मोशेच्या आईचं होतं. राजानं मुलगे मारायचा हुकूम काढला, म्हणून तिनं तान्ह्या मोशेला टोपलीत घालून नदीत सोडलं, ती गोष्ट.

टोपली सोडली माउलीनं पाण्यात,
बहीण उभी लव्हाळ्यात.

दर दुसऱ्या ओळीपुढे शाई फुटलेलं एक अक्षर होतं, 'झ' किंवा 'झे', आणि त्यापुढे टिंब. वरती लिहिलं होतं, 'चाल: धवल्याची', आणि त्यापुढचा शब्द डागाखाली गेलेला. शब्द होते, सूर नव्हते. सोफी मॅडमच्या गटात हदासनं अशी पुस्तकं पाहिली होती. तिकडेही जुन्या काळी नुसते शब्द छापायचे आणि वर लिहायचे, अमुक गाण्याच्या चालीवर. ते अमुक गाणं सगळ्यांना येतं असं धरूनच चाललेलं असायचं. त्यामुळे तिला पक्कं वाटत होतं की ही चाल कुठेतरी असणार.

गुरुजींनी पान पाहिलं आणि लगेच निकाल दिला. धवल्याची म्हणजे धवलश्री राग, आणि 'झ' म्हणजे झपताल. दोन आठवडे दोघांनी ते पद धवलश्रीत बसवलं. भिंतीपलीकडून मीही ऐकत होते. सुंदर होतं, पण शब्द सारखे अडखळत होते, 'माउलीनं' तर दर वेळी मोडत होतं. हदास चिडून मला म्हणाली की शब्दांच्या अंगाला दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखं वाटतंय.

मग एक दिवस शाळेच्या स्टाफरूममध्ये ती फोनवरचं पान मोठं करून बघत बसली होती. शेजारी गणिताच्या किशोरी मॅडम वह्या तपासत होत्या. किशोरी उरणकडची, करंज्याच्या कोळीवाड्यातली. तिनं सहज मान वळवून पाहिलं आणि डागाखालचा शब्द वाचला, "करंजाकडील." पुढे म्हणाली, "आणि हा राग नाही गं. धवला म्हणजे आमच्या लग्नातली गाणी. माझ्या बाबांची आत्या धवलारीण आहे."

धवलारीण म्हणजे लग्नाचे विधी आपल्या गाण्यानं पार पाडणारी बाई. हदासनं त्यानंतरचे दोन तास कसे घेतले ते तिला आठवत नाही. त्या रविवारी सोफी मॅडमना निरोप पाठवून तिनं तालीम बुडवली आणि किशोरीला मागे बसवून, कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढत, करंज्याला गेली.

गुणाबाई सत्तरीच्या. ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. भाच्याच्या मुलीची मैत्रीण गाणं शिकायला आली म्हटल्यावर त्यांनी तिला नखशिखांत पाहिलं आणि काय गातेस ते विचारलं. हदासनं गाण्याऐवजी पद वाचून दाखवलं. टोपली पाण्यात सोडली इथपर्यंत ऐकल्यावर गुणाबाईंचा हात थांबला.

"पान्यात पोर सोडलं? मंग जगला का तो?"

"जगला, आत्या. राजाच्या मुलीनं उचलला."

"आनि बहीन?"

"ती लव्हाळ्यात लपून बघत होती. शेवटपर्यंत."

गुणाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. पुन्हा वाच म्हणाल्या. दुसऱ्या वाचनाला त्यांनी हलकेच मान डोलवायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वेळी त्याच गायला लागल्या. हळद दळतानाचा एक धवला होता, त्याच चालीवर हे शब्द असे जाऊन बसले की एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही. 'माउलीनं' वर सूर जरा वर चढून थांबत होता आणि मग पाण्यात उतरल्यासारखा खाली येत होता. हदास सांगते की तिच्या अंगावर काटा आला आणि हसूही आलं, दोन्ही एकदम. किशोरी तर उठून उभीच राहिली होती.

पण पहिली ओळ झाल्यावर गुणाबाई थांबल्या. पुढची ओळ का नाही म्हणत, असं हदासनं विचारलं, तर त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिला साधी गोष्टही कळत नाही.

"ती मी कशी बोलू? ती झेलकरणीची. एकीनं सोडायचं, दुसरीनं झेलायचं."

हदासनं फोन उघडला. झे. ते झेलच होतं. पद एकटीनं गायचं नव्हतंच. आईची ओळ एकीची, लव्हाळ्यातल्या बहिणीची ओळ दुसरीची.

गुणाबाईंची झेलकरीण भामा होती, लहानपणापासूनची जोडीदारीण. ती सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून गुणाबाई दोन्ही ओळी एकट्याच ओढतात, आणि हल्ली कुणी बोलावतही नाही फारसं, हळदीला डीजे असतो. मे महिन्यात गुरुजींच्या वर्गाचा वार्षिक कार्यक्रम होता. तिथं आपल्याबरोबर झेल धराल का, असं हदासनं विचारलं. गुणाबाईंनी अट घातली.

"आदी तू माजी झेल धर. चैतात आमच्या कल्पेशची हलद हाय. मंग मी तुजी धरीन."

पुढचे पाच रविवार हदास करंज्यातच होती. दोघी दोन्ही गाणी घोटत होत्या, हळदीचं आणि मोशेचं. गुणाबाईंना लिहिता-वाचता येत नाही, पण तिसऱ्या रविवारी त्यांना मोशेचं सगळं पद पाठ झालं होतं. हदासचं मात्र काही जमत नव्हतं. ओळीच्या शेवटी तिचा गळा सवयीनं हरकत घ्यायचा आणि गुणाबाई हात वर करून थांबवायच्या. किती नाचवतेस गो बाय, शब्द घाबरून पळतील, म्हणायच्या. चौथ्या रविवारी तिनं सोफी मॅडमनी शिकवलेला तो सरळ आवाज लावून पाहिला, दुसऱ्याच्या आवाजात मिसळणारा. गुणाबाईंनी हात वर केला नाही. गात राहिल्या. त्या दिवशी घरी येताना हदास हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं गात आली. मला जिन्यात गाठून म्हणाली, "काकू, आठवडाभराचं आणि रविवारचं गाणं एकच निघालं."

कल्पेशच्या हळदीला मीही गेले होते, मला तिनं ओढूनच नेलं. मांडवात स्पीकरच्या भिंती उभ्या होत्या. डीजेवाल्यानं गुणाबाईंसाठी दहा मिनिटं दिली. नवरा पाटावर बसला, गुणाबाईंनी पदर सावरला आणि माइकशिवाय सुरू केलं. दुसरी ओळ हदासनं झेलली. पहिल्या कडव्याला पोरं मोबाइलमध्ये होती. तिसऱ्या कडव्याला मागच्या खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्या बाया उठून पुढे यायला लागल्या आणि पाचव्याला त्या सगळ्या झेल धरत होत्या. एकीनं हदासला कोपरानं सरकवून आपली जागा केली. पाऊण तास झाला. डीजेवाला टेबलावर हनुवटी टेकून ऐकत बसला होता. कल्पेशच्या आईनं हदासच्या गालांना हळद फासली आणि तिनं ती रात्रभर धुतली नाही.

मग कार्यक्रमाचा दिवस उजाडला. छोटंसं सभागृह, दीडशे माणसं. गुरुजींनी त्यांना पंधरा मिनिटं दिली होती, ती पण जरा नाखुशीनंच. धवलश्रीची चूक त्यांच्या मनाला लागली होती. एलियासभाऊ पहिल्या रांगेत फोन उंच धरून बसले होते, त्यात अश्दोदहून रोनेन आणि त्यांच्या घरची सगळी मंडळी. गुणाबाई हिरवं लुगडं नेसून आल्या. स्टेजवरची खुर्ची त्यांना नको होती, त्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या.

ठरलं होतं असं की हदासनं ओळ सोडायची आणि गुणाबाईंनी झेलायची. तंबोरे लागले, सभागृह शांत झालं, हदासनं श्वास घेतला, आणि तिनं तोंड उघडायच्या आत गुणाबाईंनीच सुरू केलं, "टोपली सोडली माउलीनं पाण्यात." पन्नास वर्षांची सवय, समोर माणसं दिसली की पहिली ओळ त्यांचीच. मी पाहत होते, हदास क्षणभर गोंधळली. लगेच तिनं दुसरी ओळ उचलली, "बहीण उभी लव्हाळ्यात."

आणि मग जे झालं ते तालमीत कधी झालं नव्हतं. आईची ओळ त्या खरखरीत, थकलेल्या गळ्यातून येत होती आणि बहिणीची त्या कोवळ्या, सरळ आवाजातून. गोष्टीत होतं तसंच. इतके दिवस त्या उलटं बसवत होत्या आणि दोघींपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. गाता गाता हदासचा चेहरा उजळत गेला. शेवटच्या कडव्यात राजाची मुलगी टोपली उचलते, तिथं गुणाबाईंनी न ठरवता हदासचा हात धरला आणि वर उचलला. टाळ्या वाजल्या त्या थांबेनात.

फोनमधून रोनेनचा आवाज आला, तो सगळ्या सभागृहानं ऐकला. त्यांची आई भांडी घासताना हे गुणगुणायची, म्हणाले. अर्धंच. मधल्या ओळींना ती गप्प बसायची, आणि का ते त्यांना कधी कळलं नव्हतं. एलियासभाऊंनी फोन खाली केला आणि डोळे पुसले.

गुणाबाई मात्र खूश दिसत नव्हत्या. आत आल्यावर हदासला म्हणाल्या की माझ्याकडून चूक झाली, पहिली ओळ तुझी होती. हदासनं त्यांना मिठी मारली आणि सांगितलं की आता ती कायम तुमचीच.

गुरुजी मागे उभे होते. त्यांनी गुणाबाईंना नमस्कार केला आणि हळद दळतानाच्या त्या धवल्यात गंधार नेमका कुठे लागतो ते विचारायला लागले. गुणाबाईंना गंधार म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा गाऊन दाखवलं. गुरुजींनी डोळे मिटून ऐकलं, आणखी एकदा म्हणायला सांगितलं, मग आणखी एकदा.

सोफी मॅडमच्या गटानं आता दिवाळीनंतरच्या कार्यक्रमात ही पदं घ्यायचं ठरवलं आहे, नऊ जण आणि दहाव्या गुणाबाई. परवाच्या रविवारी सकाळी मी गॅलरीतून खाली पाहिलं. हदास स्कूटी चालू करून उभी होती आणि मागच्या सीटवर चारुदत्त गुरुजी, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बसवायची खटपट करत होते. करंज्याला निघाले होते.