इंजिनाचा दम

ट्रॅक्टर मी सिहोऱ्याजवळच्या धानाच्या बांध्यांत शिकले, बाबांकडून. चिखलात चाक रुतलं, इंजिनाचा आवाज खाली गेला, की माझा पाय लगेच अ‍ॅक्सिलरेटर दाबायला जायचा. बाबा रागवायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, “रेस नको देऊ. दम धरू दे त्याले.” आणि खरंच, फेरे कमी झालेलं ते इंजिन हळूहळू जोर लावून बाहेर निघायचं. जोर वेगळा आणि वेग वेगळा, हे मला पुस्तकाच्या आधी चिखलानं शिकवलं. पुढे वैमानिकीच्या वर्गात टॉर्क आणि हॉर्सपॉवर आले, तेव्हा मी इतरांकडे जरा तोऱ्यातच पाहिलं होतं.

तो तोरा ऑगस्टमधल्या एका दमट सकाळी उतरला. विमानात प्रशिक्षक शेजारी बसले होते. हे उड्डाण नीट झालं तर दुपारी मी पहिल्यांदा एकटी उडणार होते. खाली वैनगंगा, दोन्ही काठांना रोवणी झालेल्या, पाण्यानं भरलेल्या बांध्या. उतरायला कोरडी जागा कुठेच दिसत नव्हती. इंजिनाची रेस कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलला मी हात लावला नव्हता, तरी फेऱ्यांचा काटा तेवीसशेवरून बावीसशेवर आला. मग एकवीसशेवर. थ्रॉटल पुढे ढकलायला हात गेला, पण बाबांचा आवाज आठवला आणि मी हात आवरला. काय चाललंय, असं प्रशिक्षकांनी विचारलं.

“इंजिन दम धरतंय, सर.”

“दम धरत नाहीये. त्याचा दम कोंडलाय.”

ट्रॅक्टर खालच्या गिअरवर कमी फेऱ्यांतही जोर लावतो; या विमानाला गिअर कुठला? पंखा थेट इंजिनाच्या दांड्यावर. भार वाढलेला नसताना फेरे घटले म्हणजे जोरच गेला, आणि जोर नि फेरे दोन्ही गेल्यावर हॉर्सपॉवर उरते कुठे? हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये दमट हवा एकदम गार होऊन तिच्यातल्या ओलाव्याचा बर्फ धरला होता. मी गरम हवेचा खटका ओढला. इंजिन खोकलं, काटा आणखी खाली गेला. खटका परत ढकलायला हात शिवशिवत होता. मी तो तसाच ओढून धरला. वितळलेलं पाणी गिळत इंजिन थरथरलं, आणि मग कुठे काटा वर सरकू लागला.

एकटीचं उड्डाण त्या दिवशी मिळालं नाही. संध्याकाळी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, “इमानाले गिअर नसते का?”

“नसते, बाबा.”

“मंग माह्यं काहून आयकलं?”

मी घाबरले होते, आणि घाबरल्यावर मला दुसऱ्या कुणाचा आवाज आठवतच नाही. ते काही सांगता आलं नाही. चुकलं, एवढंच मी म्हणाले.