चिंतामणीला विचारलेला प्रश्न

आप्पांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर निघाला आणि ऑपरेशन कोणतं करायचं यावरून आमच्या घरात वाजलं. आप्पा म्हणजे माझे वडील, भूमच्या एसटी डेपोतले निवृत्त ड्रायव्हर. सोलापूरच्या डॉक्टरांनी दोन्ही पद्धती नीट समजावल्या होत्या. पोट उघडून करायचं तर ते सोलापुरातच होईल. जखम मोठी, रक्त जास्त जातं, मुक्काम लांबतो. रोबोटनं करायचं तर पुण्याला. बारीक छिद्रं, लवकर घरी. कॅन्सर काढायला दोन्ही सारख्याच चांगल्या. लघवीवरचा ताबा मात्र दोन्हींत काही महिने सुटू शकतो, बहुतेकांचा पुढं सावरतो.

मी शाळेत शिकवते, नवं ते चांगलं असं मला वाटतं. मी रोबोटसाठी हट्टाला पेटले. आप्पा हूं की चूं करेनात. शेवटी म्हणाले, तुळजापूरला जाऊ, चिंतामणीला विचारू.

चिंतामणी म्हणजे देवळातला गोल दगड. त्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि मनात प्रश्न धरायचा. उजवीकडं वळला तर होय, डावीकडं वळला तर नाही. माझं डोकंच फिरलं. बायोप्सीचा रिपोर्ट माझ्या पर्समध्ये आणि निकाल दगडाकडं? तरी गेले. आप्पांनी डोळे मिटले. दगड सावकाश डावीकडं वळला आणि आप्पांचा कितीतरी दिवस आखडलेला चेहरा सैल झाला. मी मनात म्हटलं, गेला रोबोट, आणि हट्ट सोडला.

सोलापुरातच ऑपरेशन झालं, चांगलं झालं. लघवीची नळी काढल्यावर मी त्यांना माझ्याकडं आणलं. तिसऱ्या दिवशी बसल्या जागी धोतर ओलं झालं. ड्युटीवर तासन्‌तास कळ काढणारा हा माणूस खाटेच्या कडेला मान खाली घालून बसला. मी कोरडं धोतर दिलं, ओलं धुऊन वाळत घातलं. आत आले आणि जीभ आवरली नाही. म्हटलं, दगडानं रोबोटला नाही म्हणून सांगितलं ना, आता सोसा.

"रोबोटचं कुटं इचारलं म्या?" आप्पा म्हणाले. "ते डॉक्टरला ठावं. म्या इचारलं, लेकीला माजी किळस यील का."

मी म्हटलं, "आप्पा, मलाच विचारायचं की."

"तू न्हाईच म्हणली असतीस, बाई. तुजं कसं खरं धरावं?"

मी आणखी एक धोतर आणायच्या निमित्तानं आतल्या खोलीत गेले आणि कपाटाला टेकून पोटभर रडले.