गजावरची खूण

तुमचे दोन्ही डोळे शाबूत आहेत ते कुणामुळे, हे तुम्हाला सांगता येईल का? मला येतं.

रानडुकरांपासून भात राखायची परवान्याची ठासणीची बंदूक भरायला मी काकांकडून शिकत होते. नळीत दारू ओतता ओतता नुकसानभरपाईच्या हक्कावर तावातावाने बोलत होते. काकांनी दारू ठासायचा गज आत सोडला. त्यावरची खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी होती. ती चार बोटं वर राहिली.

“दोनदा ओतलंस गो बाय. नळी तोंडावर फुटली असती,” ते म्हणाले. “आधी भाषण संपव, मगे दारू भर.”

कुणाच्या सांगण्यावरून मी कधी गप्प बसत नाही. त्या दिवशी बसले, आणि काकांचे उपकार मी अजून मानते.

बंदूक ठासणारा माणूस दिसला, तर त्याला नमस्कारही करू नका. तो गज बाजूला ठेवेपर्यंत थांबा.